ॲकॅडमिक रीडिंगचे शब्द: काय शिकायचं आणि कोणत्या क्रमाने

परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा म्हणजे आयईएलटीएस. तिची तयारी करणाऱ्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ फिरत असते. डावीकडे कठीण इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मुलं ती झेरॉक्स करून घेतात, रोज पंचवीस-तीस शब्द घोकतात, आणि दोन महिन्यांनी सराव परीक्षा दिली की रीडिंगचे मार्क होते तिथेच. मग 'माझी व्होकॅबच कच्ची आहे' असं ठरवून आणखी जाडजूड पीडीएफ शोधली जाते.

बहुतेकांचं शब्दांच्या आकड्यावरून अडत नाही, क्रमावरून अडतं. या परीक्षेत शब्दाचा अर्थ कोणी विचारत नाही. उताऱ्यात एखादी गोष्ट एका तऱ्हेने सांगितलेली असते, प्रश्नात तीच वेगळ्या शब्दांत येते, किंवा तीच असल्याचं भासवलं जातं. दोन्ही एकच आहेत का, हे ओळखायचं असतं. त्यामुळे सुटा शब्द पाठ करून भागत नाही. शब्द जोडीने शिकावे लागतात आणि ते उताऱ्यांतूनच वेचावे लागतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमाने करा. पहिला गाळून चौथ्यावर उडी मारणारे हमखास पुन्हा पीडीएफकडे वळतात.

उदाहरणं आयईएलटीएस ॲकॅडमिकची आहेत. टोफेल किंवा पीटीई या तशाच इंग्रजीच्या परीक्षा देणाऱ्यांनाही शब्द जमवण्याची हीच पद्धत चालेल, फक्त प्रश्नांचे प्रकार त्या त्या परीक्षेचे घ्या.

पूर्वतयारी: परीक्षा नेमकी काय मागते

तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. तिन्ही उताऱ्यांचे मिळून 2150 ते 2750 शब्द. पेपरवर परीक्षा दिली तर उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही, ती साठ मिनिटांतच लिहायची. प्रत्येक प्रश्नाला एक गुण, चुकलं तर गुण कापत नाहीत. साधारण 23 उत्तरं बरोबर आली तर 6 बँड (या परीक्षेतली श्रेणी), 30 आली तर 7, आणि 35 आली तर 8. म्हणजे सहावरून सातवर जायला सात-आठ प्रश्नांची मजल मारायची आहे. हे सात-आठ प्रश्न सहसा दुर्मिळ शब्दांमुळे गेलेले नसतात, ओळखीच्या शब्दांमुळे गेलेले असतात. का, ते तिसऱ्या आणि सातव्या टप्प्यात येईल.

साहित्य फार लागत नाही. एक दोनशेपानी वही, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा, बुटांचं रिकामं खोकं आणि अधिकृत सराव प्रश्नपत्रिका. शब्दकोश मात्र नीट निवडा. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांचा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश घ्या. तिन्ही इंटरनेटवर फुकट उघडतात, सोप्या इंग्रजीत अर्थ देतात आणि शब्द वाक्यात कसा बसतो तेही दाखवतात. खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश आणि मोबाइलचं भाषांतर या कामाला उपयोगाचं नाही. एका शब्दापुढे एकच मराठी प्रतिशब्द ठेवण्याची खोड तिथेच लागते.

वेळ साधारण तीन महिन्यांचा धरा. रोज तासभर पुरे, पण रोज.

> थांबा: इंग्रजी वृत्तपत्रांचे अग्रलेख वाचून अवघड शब्द काढणं हा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासातला रिवाज आहे. इथे तो जसाच्या तसा उचलू नका. अग्रलेखाची भाषा वाद घालणारी, आलंकारिक असते. ॲकॅडमिक उतारा समजावून सांगणारा असतो.

टप्पा 1: मार्क नेमके कुठे जातात ते शोधा

एक अधिकृत प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. शब्दकोश बंद, फोन दुसऱ्या खोलीत. साठ मिनिटं झाली की पेन खाली ठेवा, पण उत्तरपत्रिका उघडू नका. इथेच घाई होते.

दुसऱ्या दिवशी तेच उतारे दुसऱ्या रंगाच्या पेनाने पुन्हा सोडवा, आता वेळेची मर्यादा नाही आणि शब्दकोशही जवळ आहे. कुठल्या प्रश्नासाठी कुठला शब्द पाहिला, त्याची समासात खूण करा. मग उत्तरं तपासा आणि पहिल्या दिवशी चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग: शब्दकोश पाहिल्यावर बरोबर आलेले. ही खरी शब्दांची अडचण.

दुसरा ढीग: शब्दकोश न पाहता, केवळ वेळ मिळाल्यामुळे बरोबर आलेले. ही वेगाची अडचण. शब्द माहीत आहेत, पण ते ओळखायला वेळ लागतो.

तिसरा ढीग: सगळे शब्द पाहूनही चुकलेले. ही वाक्याची अडचण. लांब वाक्यात कर्ता कुठला, 'विच' कोणाबद्दल, नकार कुठे लागतो, हे सुटत नाही.

तिसरा ढीग सर्वांत मोठा असेल तर आधी महिनाभर लांब वाक्यं फोडायला शिका. एक उतारा घ्या, प्रत्येक वाक्याचं मुख्य क्रियापद अधोरेखित करा, त्याचा कर्ता शोधा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून कितीही शब्द पाठ केले तरी हाती काही लागत नाही.

> तपासणी: तिन्ही ढिगांचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले का? दर तीन आठवड्यांनी नवी प्रश्नपत्रिका याच पद्धतीने सोडवून ते पुन्हा लिहायचे आहेत.

टप्पा 2: पाया पक्का करा

'ॲडव्हान्स्ड व्होकॅब' म्हटलं की मुलं एकदम टोकाच्या शब्दांकडे धावतात. त्याआधी मधला थर भरायचा असतो. न्यूझीलंडमधल्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली 'ॲकॅडमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांमधल्या सुमारे 35 लाख शब्दांच्या लेखनातून त्यांनी 570 शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द) निवडली. रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द आधीच वगळलेले होते. ही 570 कुटुंबं अभ्यासपर लेखनातला साधारण दहावा हिस्सा व्यापतात. यादी दहा भागांत आहे आणि सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द पहिल्या भागात आहेत. इंटरनेटवर ती सहज मिळते.

यादीच पाठ करायची तर पीडीएफने काय घोडं मारलं होतं, असं कोणी म्हणेल. ही यादी पाठ करायची नाही, चाळायची आहे. प्रत्येक शब्दापुढे तीनपैकी एक खूण करा: वाक्यात वापरता येतो, वाचला तर कळतो, किंवा माहीत नाही. इथे प्रामाणिकपणा लागतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं यादी पाहून उगाच घाबरतात आणि इंग्रजी माध्यमाची मुलं 'हे तर सगळं येतं' म्हणून पुढे जातात. माझ्या मते दुसऱ्यांना जास्त फटका बसतो. 'कॉन्स्टिट्यूट', 'डिराइव्ह', 'ॲझ्यूम', 'इंटरप्रिट' हे सगळे पहिल्याच भागातले शब्द. ते 'येतात' म्हणणाऱ्याने 'डिराइव्ह'चं एक वाक्य न अडखळता लिहून दाखवावं, आणि त्याच्यामागे 'फ्रॉम' आलं का तेही पाहावं.

शब्द एकटा शिकू नका, कुटुंबासकट शिका. 'व्हेरी' म्हणजे बदलणं कळलं, तर 'व्हेरिएशन', 'व्हेरिएबल', 'इनव्हेरिएबली' ही भावंडंही त्याच कार्डावर आली पाहिजेत. प्रश्नात क्रियापद असतं आणि उताऱ्यात त्याचंच नाम असतं, हा या परीक्षेतला सर्वांत सोपा फेरफार. तोही ओळखू आला नाही, तर पुढचे फेरफार विसराच.

आकड्यांची एक बाजू सांगतो, म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहतील. आठशे शब्दांच्या उताऱ्यातले 95 टक्के शब्द ओळखीचे असतील, तरी चाळीस शब्द अनोळखी उरतात. 98 टक्के ओळखीचे असतील, तर सोळा. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशोबाप्रमाणे, मदतीशिवाय लेखन वाचताना 98 टक्क्यांपर्यंत पोचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. तीन महिन्यांत तेवढे होत नाहीत. म्हणून अनोळखी शब्द समोर असताना पुढे कसं जायचं, हेही शिकावं लागतं. तो आठवा टप्पा.

टप्पा 3: मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांकडे संशयाने पाहा

हा टप्पा कुठल्याही यादीत नसतो, कारण याद्या मराठी माणसासाठी केलेल्या नसतात. आपल्या बोलण्यात शेकडो इंग्रजी शब्द आहेत, पण प्रत्येकाचा एखादाच अर्थ आपण उचललेला आहे. उताऱ्यात तो शब्द दिसला की मेंदू तोच अर्थ लावून पुढे जातो. शंका येत नाही, म्हणून शब्दकोशही उघडला जात नाही.

'लोन सँक्शन झालं' म्हणजे मंजूर झालं. उताऱ्यातल्या 'इकॉनॉमिक सँक्शन्स' म्हणजे निर्बंध. अर्थ नेमका उलटा.

'पेशंट क्रिटिकल आहे' हे आपलं वाक्य. 'क्रिटिकल ऑफ द पॉलिसी' म्हणजे धोरणावर टीका करणारा, आणि 'क्रिटिकल फॅक्टर' म्हणजे निर्णायक बाब.

फ्लॅटचं 'डिपॉझिट' सगळ्यांना ठाऊक. नदीने 'डिपॉझिट' केलेला गाळ आणि जमिनीखालची खनिजांची 'डिपॉझिट्स' ही भूगोलाच्या उताऱ्यांतली नेहमीची मंडळी.

'सर, एक डाउट आहे' म्हणताना आपल्याला काही विचारायचं असतं. 'स्कॉलर्स डाउट द क्लेम' मध्ये कोणी काही विचारत नाही, त्यांना तो दावा पटलेला नाही. 'येस, नो, नॉट गिव्हन' प्रकारच्या प्रश्नात, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्याशी जुळतं, त्याच्या विरुद्ध जातं की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही हे सांगायचं असतं तिथे, एवढ्यावरून उत्तर फिरतं.

'ॲड्रेस' म्हणजे पत्ता, पण 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' म्हणजे अडचण हाताळणं. 'अकाउंट' बँकेतलं, पण 'ॲग्रिकल्चर अकाउंट्स फॉर मोस्ट ऑफ द वॉटर यूज' म्हणजे पाण्याच्या वापरात सर्वांत मोठा वाटा शेतीचा. 'ॲडमिट' दवाखान्यातलं, पण लेखक 'ॲडमिट' करतो म्हणजे कबूल करतो. 'प्लांट' म्हटलं की आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागातल्या मुलाला कंपनी आठवते आणि निफाडच्या शेतकरी घरातल्या मुलाला रोप. उताऱ्यात दोन्ही येतात. निफाड-दिंडोरीकडच्यांना 'यील्ड'ही पाठ असतो, एकरी उत्पादन म्हणून. 'द स्टडी यील्डेड नो एव्हिडन्स' मध्ये अभ्यासातून पुरावा हाती आला नाही, आणि 'यील्ड टू प्रेशर' म्हणजे दबावापुढे नमणं.

वहीची शेवटची दहा पानं या शब्दांसाठी राखून ठेवा. घरात, रिक्षात, ऑफिसात कानावर येणारा इंग्रजी शब्द घ्या आणि शब्दकोशात त्याचा दुसरा आणि तिसरा अर्थ पाहा. पहिला तुम्हाला येतोच.

> थांबा: ओळखीचा शब्द वाक्यात विचित्र वाटला, तर वाक्याला दोष देऊ नका. त्या शब्दाचा वेगळा अर्थ तिथे असण्याची शक्यता जास्त.

टप्पा 4: उताऱ्यातून शब्द वेचा, मोजकेच

आता उतारे. आठवड्याला दोन-तीन पुरेत. परीक्षेतले उतारे पुस्तकं, नियतकालिकं, वृत्तपत्रं यांतले असतात आणि ते त्या विषयातल्या तज्ज्ञांसाठी नसून सर्वसाधारण वाचकांसाठी असतात. सरावाच्या प्रश्नपत्रिका संपू नयेत म्हणून अधूनमधून 'द कॉन्व्हर्सेशन'सारख्या संकेतस्थळावरचे लेख घ्या. तिथे विद्यापीठांतले संशोधक सामान्य वाचकांसाठी लिहितात आणि वाचायला पैसे लागत नाहीत. छापील मासिक हवं असेल तर सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) किंवा आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी विज्ञान मासिकं येतात का, ते विचारा.

एका उताऱ्यातून जास्तीत जास्त आठ शब्द. मुलं चाळीस काढतात, त्यांचे दोन तास शब्दकोशात जातात आणि उतारा काय सांगत होता तेही आठवत नाही. आठ निवडायची कसोटी अशी:

ज्या शब्दावर एखाद्या प्रश्नाचं उत्तर अडलं होतं, तो सर्वांत आधी. त्यानंतर कुठल्याही विषयात येऊ शकेल असा शब्द. 'अंडरमाइन' पुरातत्त्वातही येईल आणि अर्थशास्त्रातही. एखाद्या भुंग्याचं शास्त्रीय नाव पुन्हा भेटणार नाही. तरीही मन ठरत नसेल, तर शब्दकोशातलं लेबल पाहा. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशांत अनेक शब्दांपुढे ए-1 (सर्वांत सोपा) पासून सी-2 (सर्वांत अवघड) कडे चढत जाणारी पातळी दिलेली असते. बी-2 आणि सी-1 हे तुमचं शेत. ज्याला लेबलच नाही, तो बहुधा सोडून द्यावा.

तांत्रिक शब्दांचा धसका घेऊ नका. त्यांचा खुलासा बहुतेकदा उताऱ्यातच असतो, आणि गरज असेल तिथे उताऱ्याखाली छोटा शब्दार्थही देतात.

टप्पा 5: कार्ड असं लिहा

कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द नको. उताऱ्यातलं पूर्ण वाक्य लिहा आणि शब्द अधोरेखित करा. मागच्या बाजूला चार गोष्टी: सोप्या इंग्रजीतला अर्थ, शब्दाचं कुटुंब, त्याच्यासोबत हटकून येणारे शब्द, आणि प्रश्नात त्याच्या जागी काय आलं होतं किंवा येऊ शकतं. मराठी प्रतिशब्द चपखल बसत असेल तरच लिहा.

नमुना म्हणून 'ससेप्टिबल' घेऊ. पुढे वाक्य: 'ग्रेप्स आर ससेप्टिबल टू डाउनी मिल्ड्यू.' आपल्याकडचा बागायतदार ज्याला डावणी म्हणतो, तोच हा रोग. मागे अर्थ: 'लाइकली टू बी हार्म्ड बाय समथिंग', मराठीत सहज बळी पडणारा. कुटुंब: 'ससेप्टिबिलिटी'. सोबती: 'टू', आणि त्यापुढे रोग, नुकसान, दबाव असं काहीतरी नको असलेलं. प्रश्नातली जोडी: 'ईझिली अफेक्टेड बाय', 'व्हल्नरेबल टू', 'प्रोन टू'. विरुद्ध बाजू: 'रेझिस्टंट टू'.

एवढं एक कार्ड पाच मिनिटं घेतं. घेऊ द्या.

समानार्थी शब्दांची लांबलचक रांग मात्र कार्डावर लावू नका. 'राइझ', 'सर्ज', 'क्रीप अप' या तिन्हींत वाढच आहे, पण 'सर्ज'मधली वाढ एकदम उसळते आणि 'क्रीप अप'मधली हळूहळू सरकते. प्रश्नात 'ग्रॅज्युअली' असेल आणि उताऱ्यात 'सर्ज', तर उत्तर 'फॉल्स'. जोडी लिहिताना तिची मात्राही लिहा: थोडं, बरंच, एकदम.

आठवड्यातून एकदा नवे शब्द गावच्या विषयावर चालवून पाहा. परीक्षेत नाशिक येणार नाही. शेती, पर्यावरण, पुरातत्त्व, पाणी, व्यापार हे विषय मात्र पुन्हा पुन्हा येतात आणि ते सगळे इथे दाराशी आहेत. लासलगावच्या कांद्यावर सहा वाक्यं लिहा: 'पेरिशेबल', 'सरप्लस', 'स्केअर्सिटी', 'फ्लक्च्युएट', 'इंटरमीडिअरी'. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा आणि बाजारातला भाव यांत हे पाचही शब्द ओढूनताणून न आणता बसतात. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्याच्यावर 'वेटलँड', 'हॅबिटॅट', 'मायग्रेटरी', 'सेडिमेंट'. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजे आणि क्षत्रप नहपान यांच्या काळातले दानलेख आहेत, तिथे 'इन्स्क्रिप्शन', 'पेट्रनेज', 'मोनॅस्टिक', 'एक्सकॅव्हेट'. द्राक्ष निर्यात करणाऱ्या घरातल्या मुलाला 'रेसिड्यू' आणि 'ट्रेसेबिलिटी' शिकवावेच लागत नाहीत. त्याने फक्त त्यांचं स्पेलिंग पाहावं.

> तपासणी: कार्डावरचा शब्द झाकून वाक्य वाचा. तिथे काय येईल याचा अंदाज येत नसेल, तर वाक्य कमजोर आहे. शब्दकोशातलं दुसरं वाक्य घ्या.

टप्पा 6: उजळणी खोक्यातून

माणूस किती वेगाने विसरतो, याचे प्रयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केले आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केले. विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगाने होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, रविवारी एकदम नव्हे.

सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेली खोक्याची पद्धत यासाठी सोयीची आहे. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याने पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं, तो कप्पा रोज पाहायचा. आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. दुसरा कप्पा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. हे दिवस मी सोयीने ठरवले आहेत, एक-दोन दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. फोनवर करायचं असेल तर अँकी हे ॲप हाच हिशोब आपोआप ठेवतं. पण त्यात दुसऱ्याने बनवलेला हजार कार्डांचा आयता गठ्ठा उतरवून घेतलात, तर फिरून पीडीएफच हातात आली.

रोज नवी कार्डं दहापेक्षा जास्त नकोत. पहिल्या कप्प्यात चाळीसहून अधिक साठली, की नवं बंद करा आणि आधी ती हलवा.

टप्पा 7: लहान शब्दांवर आठवडाभर थांबा

इथे सर्वांत जास्त मार्क सांडतात, आणि शब्द तर सगळे शाळेतले. माझं मत विचाराल तर बाकी सगळं उरकून या एका टप्प्याला पूर्ण आठवडा द्या.

मी रचलेलं एक वाक्य पाहा: 'द वेटलँड डिपेंड्स लार्जली ऑन वॉटर रिलीज्ड फ्रॉम डॅम्स अपस्ट्रीम.' प्रश्नातलं विधान: 'डॅम्स आर द ओन्ली सोर्स ऑफ वॉटर फॉर द वेटलँड.' उत्तर 'फॉल्स', कारण 'लार्जली' म्हणजे मुख्यतः, 'ओन्ली' म्हणजे फक्त. दुसरं विधान: 'द डॅम्स वेअर बिल्ट टू प्रोटेक्ट द वेटलँड.' धरणं कशासाठी बांधली याबद्दल वाक्य काही बोलतच नाही, म्हणून 'नॉट गिव्हन'. इथे 'फॉल्स' लिहिणारे बाहेरचं ज्ञान वापरतात. धरण सिंचनासाठी असतं हे आपल्याला गंगापूर धरणामुळे माहीत असेल, उताऱ्याने मात्र ते सांगितलेलं नाही.

या आठवड्यात चार गट पाहायचे.

प्रमाण सांगणारे शब्द: 'व्हर्च्युअली', 'लार्जली', 'पार्टली', 'सोलली', 'मोस्ट', 'सम'. 'अ फ्यू' म्हणजे काही आहेत, नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीत.

दडलेला नकार: 'हार्डली', 'बेअरली', 'फेल टू', 'सीझ टू', 'फार फ्रॉम'. आणि फसवणारी एक जोडगोळी. 'ऑल बट डिसअपिअर्ड' म्हणजे जवळजवळ नाहीसं झालं. 'एनीथिंग बट सिंपल' म्हणजे सोपं तर अजिबात नाही. दोन्हींत 'बट' आहे म्हणून 'पण' असा अर्थ लावाल, तर वाक्य हातातून गेलं.

कारण आणि निव्वळ संबंध: 'कॉज' आणि 'लीड टू' एका बाजूला, 'असोसिएटेड विथ' आणि 'लिंक्ड टू' दुसऱ्या बाजूला, 'कॉन्ट्रिब्यूट टू' मध्ये कुठेतरी. उताऱ्यात संबंध सांगितलेला असतो आणि प्रश्न त्याला कारण करून टाकतो.

मत मांडणारी क्रियापदं: 'क्लेम', 'आर्ग्यू', 'डेमॉन्स्ट्रेट', 'कन्सीड', 'रिफ्यूट'. 'कन्सीड' म्हणजे समोरच्याचा मुद्दा नाइलाजाने मान्य करणं. संशोधकांची नावं आणि त्यांची मतं जुळवायच्या प्रश्नात ही क्रियापदंच वाट दाखवतात.

> तपासणी: जुन्या प्रश्नपत्रिकांतली 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'ची वीस विधानं घ्या. प्रत्येकात उत्तर ठरवणारा शब्द गोल करा. चार-पाच विधानांत असा शब्द सापडत नसेल, तर हा टप्पा झालेला नाही.

टप्पा 8: अनोळखी शब्द समोर आला तर

परीक्षेच्या हॉलमध्ये शब्दकोश नसतो. अंदाजाची सवय आधीच लागायला हवी, आणि अंदाजाचाही क्रम असतो.

आधी शब्दाची जात ओळखा: नाम, क्रियापद की विशेषण. मग तिथेच न अडकता पूर्णविरामापर्यंत वाचा, लागलं तर पुढचं वाक्यही. स्वल्पविराम, डॅश, 'दॅट इज', 'सच ॲज', 'नोन ॲज' यांच्या आजूबाजूला खुलासा असतो. त्यानंतर जोडशब्द पाहा. 'द ग्रोअर्स वेअर इनिशिअली स्केप्टिकल, बट बाय द थर्ड हार्वेस्ट मोस्ट हॅड ॲडॉप्टेड द सिस्टिम.' इथे 'स्केप्टिकल' माहीत नसला तरी 'बट' सांगतो की तो पद्धत स्वीकारण्याच्या उलट आहे. एवढं कळलं की प्रश्न सुटतो.

शब्दाचे तुकडे पाडणं सर्वांत शेवटी. क्लासमध्ये हे पहिलं शिकवतात, म्हणून मुलं त्यावरच भिस्त ठेवतात. 'अंडर-', 'आउट-', 'मिस-', 'इंटर-' हे तुकडे उपयोगी आहेत. पण 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोलाचा नव्हे, अत्यंत मोलाचा. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारा. 'डिसइंटरेस्टेड'चा अभ्यासपर लेखनातला अर्थ बहुधा निःपक्ष असा असतो. आधी वाक्य, मग तुकडे.

एवढं करूनही शब्द सुटला नाही, तर पुढे चला. त्या शब्दावर एकही प्रश्न नसेल, तर त्याने तुमचं काहीच बिघडवलेलं नाही.

टप्पा 9: शेवटचे पंधरा दिवस

नवी कार्डं बंद. पहिल्या तीन कप्प्यांची उजळणी चालू ठेवा. पूर्ण प्रश्नपत्रिका एक दिवसाआड, परीक्षेच्या वेळेलाच सोडवा, आणि दर वेळी पहिल्या टप्प्यातले तीन ढीग करा. पहिला ढीग आटला आणि दुसरा तसाच राहिला, तर आता शब्दांवर वेळ घालवू नका. उताऱ्यांवरचा वेळ वाटून पाहा. पहिल्या दोन उताऱ्यांत मिळून पस्तीस मिनिटं आणि तिसऱ्याला पंचवीस, ही वाटणी बऱ्याच जणांना जमते, कारण तिसरा उतारा सहसा सर्वांत अवघड असतो.

रिकाम्या जागा भरताना शब्द उताऱ्यातूनच जसाच्या तसा उचलायचा असतो, म्हणून इथे गेलेला मार्क सर्वांत जास्त खटकतो. 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' असं लिहिलेलं असेल, तर तीन शब्दांचं बरोबर उत्तरही चूकच धरतात. स्पेलिंग चुकलं तरी मार्क जातो. उत्तर लिहून झालं की ते उताऱ्यातल्या शब्दाशी अक्षर-अक्षर ताडून बघा, आणि तो शब्द अनेकवचनी असेल तर शेवटचा 'एस' उतरवला आहे का, तेही.